प्रभुभोजनाचा कप मोजायचा का?

किडन्या निकामी झाल्यावर दादाला दिवसाला एक लिटर पाणी अलाऊड होतं. त्यात चहा, आमटीचा रस, ताक, गोळीसोबतचा घोट, सगळं आलं. वहिनी सकाळी एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवायची, दादाने कपभर चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला ओतायची, आणि बाटली रिकामी झाली की मग कितीही तहान लागो, तोंडात बर्फाचा एक खडा, बस. आमच्याकडे चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, छोट्या काचेच्या कपात द्राक्षरस, दोन चमचेसुद्धा भरणार नाही. डायलिसिस सुरू झाल्यावरच्या पहिल्या प्रभुभोजनाला दादाने तो कप हातात धरून आईकडे बघितलं आणि हळूच विचारलं, हा मोजायचा का गं? आई म्हणाली, हा नाही मोजायचा.

आम्ही नगरचे. पणजोबांपासून ख्रिस्ती. आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकली आणि पुढे बायबलबाई म्हणून खेडोपाडी फिरली. अमेरिकन मराठी मिशन १८३१ला नगरात आलं, मिशनचं ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ला इथूनच निघालं, हे आम्हाला संडे स्कूलमध्ये तोंडपाठ. बायबलमधली वचनंही तोंडपाठ. कुणाच्या घरी आजारपण असलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न जमत नसलं की महिला मंडळाच्या बायका मला पुढे करायच्या कारण प्रत्येक प्रसंगाला माझ्याकडे एक वचन आणि त्यामागे एक उत्तर तयार असायचं. मला ते देवाचं दान वाटायचं, आणि काही अंशी ते होतंही.

ऑगस्ट २०२१ला दादाचे पाय सुजले. एमआयडीसीत फिटर होता, वय ४४, बीपीची गोळी कधी घ्यायचा कधी नाही. क्रिएटिनिन अकरा निघालं, म्हणजे किडन्या निकामी. आधी डायलिसिससाठी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकला, मग डाव्या हातात फिस्टुला केला. मंगळ, गुरु, शनि, चार-चार तास. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून निभावलं, नाहीतर घर विकावं लागलं असतं.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात, दीड-दोन महिन्यांत ती शीर जाड होते, मग त्यात सुया घालता येतात. त्या जागेवर बोटं ठेवली की आत सतत घरघर लागते, मांडीवर मांजर झोपल्यावर लागते ना, तशी. ती थांबली तर ताबडतोब पळत यायचं असं टेक्निशियनने बजावून ठेवलेलं. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, पिशवी उचलायची नाही. आई रोज पहाटे उठून दादाच्या अंथरुणाशी बसायची, मनगटाच्या वर तीन बोटं ठेवायची, घरघर लागली की तिथेच डोळे मिटून प्रार्थना सुरू. मला ते उलटं वाटायचं, आधी प्रार्थना करावी आणि मग तपासावं. तिला एकदा तसं बोलले पण. ती काही म्हणाली नाही.

किडनी द्यायचं ठरलं तेव्हा माझ्याकडेच सगळ्यांचे डोळे लागले. दादाचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह, ओ वाल्याला ओ चीच किडनी चालते, वहिनी बी, आई सत्तरीला आलेली आणि बीपीवाली, राहिले मी. पुण्याला तपासण्या. एसटीत दादाला मळमळायचं म्हणून आम्ही ट्रेनने जायचो, दौंडनंतर केडगाव येतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथेच. आई सोबत असली की केडगावला खिडकीतून हात जोडायची. एकदा तिने सहज विचारलं, रमाबाईंची लेक मनोरमाबाई कधी गेल्या गं? मी म्हटलं जुलै १९२१. आणि रमाबाई? एप्रिल १९२२. आई बोटांवर महिने मोजत बसली. रमाबाईंचे आईबाप आणि बहीण दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर नवरा गेला, आणि शेवटी एकुलती एक लेक. आणि ह्या बाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करतायत. आम्ही लहानपणापासून ही गोष्ट विजयाची गोष्ट म्हणून ऐकली. आई म्हणाली, ते मधले आठ-नऊ महिने ती रात्री झोपत कशी असेल? मला उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगते, तेव्हा मला आईचा प्रश्नच आवडला नाही. विश्वासाच्या बाईबद्दल असं काय विचारायचं असं वाटलं.

माझ्या लघवीत प्रोटीन निघालं. पुन्हा तपासलं, पुन्हा निघालं. डॉक्टर म्हणाले तुमचीच किडनी आम्हाला जपायला पाहिजे, तुम्ही देऊ शकत नाही. मी चाळीस दिवस उपवास प्रार्थना करून गेले होते. वेटिंग लिस्टला दादाचं नाव घालून आम्ही परत आलो, येताना केडगाव कधी गेलं कळलंच नाही.

आता जे लिहितेय ते लिहायला मला फार वेळ लागला. नोव्हेंबर २०२२ला शहराबाहेर एका मंगल कार्यालयात तीन दिवसांच्या आरोग्यप्रार्थना होत्या. कुणाच्या, ते नाव घेत नाही. दादाला मीच नेलं. शनिवार होता, म्हणजे डायलिसिसचा दिवस, सेंटरला मीच फोन करून सांगितलं की आज येत नाही. स्टेजवरून सांगितलं गेलं की आज ठरवा, भरवसा मशीनवर की प्रभूवर, आणि अख्खा हॉल आमेन म्हणाला, त्यात माझा आमेन होता, मोठ्याने होता. दादाच्या डोक्यावर हात ठेवला गेला. तो रडला, मी रडले, घरी आलो तेव्हा त्याला खरंच हलकं वाटत होतं. रविवारी तो चर्चमध्ये उभा राहून गायला. मंगळवारी सकाळी मला म्हणाला, जाऊन येऊ का गं सेंटरला? मी म्हटलं, आता मागे कशाला वळून बघायचं दादा.

हे वाक्य माझं आहे. ते मी दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकू शकत नाही.

मंगळवारी रात्री त्याला आडवं होता येईना. बसून बसून श्वास घेत होता, छातीतून पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज येत होता. दोन वाजता हॉस्पिटलला पोचलो, फुफ्फुसात पाणी, पोटॅशियम सात पॉइंट दोन, म्हणजे जिवावर बेतण्याइतकं. रात्रीतच डायलिसिस लावलं म्हणून वाचला. तीन दिवस आयसीयू. मी त्या लोकांना फोन केला, रागाने नाही, खरंच विचारायला की आता आम्ही काय समजायचं. तिकडून उत्तर आलं, विश्वासात कुठेतरी फट राहिली असणार.

आयसीयूच्या बाहेर आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले, माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, फोनसकट, आणि विचारलं, साहेब, चूक कुणाची? दादाच्या विश्वासाची, माझी, का त्यांची? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ताई, डायलिसिस बंद करायला सांगणं चूक होतं, ते मी स्पष्ट सांगतो. पण देवाने का बरं केलं नाही हे विचाराल तर मला माहीत नाही. मीपण शोधतो, तुम्हीपण शोधा, आज आधी जेवून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एका पाळकाच्या तोंडून मला माहीत नाही असं ऐकलं, आणि माझा देवावरचा विश्वास त्याने कमी झाला नाही, उलट पाय जमिनीला टेकल्यासारखं वाटलं.

दादा शुद्धीवर आल्यावर मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, मीपण आमेन म्हटलं होतं की, तू एकटीने थोडंच म्हटलंस.

मग आम्ही खरोखर शोधायला बसलो. बुधवारी आमच्या घरी घरप्रार्थना असायची, त्यात आधी गाणी, साक्षी आणि छोटासा संदेश असं ठरलेलं, ते साहेबांनी बदललं, म्हणाले आपण नुसतं वाचू आणि जे खटकतं ते बोलू. विश्वासात फट म्हणजे काय ते मला आधी बघायचं होतं. मार्कच्या नवव्या अध्यायात तो बाप आहे ना, फेफरं येणाऱ्या मुलाचा, तो येशूला म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही. येशूने त्याला असं नाही सांगितलं की जा, फट बुजवून ये. मुलाला बरं केलं. मी हा उतारा शंभर वेळा शिकवला असेल, पण बापाच्या बाजूने कधी वाचलाच नव्हता. आणि साहेबांनी प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली एक ओळ दाखवली, शेवटी-शेवटी निरोपांमध्ये येते, सहसा कुणी वाचतही नाही, पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत शहरात ठेवून आलो. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले त्याच पौलाने आपला सोबती आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. का, ते लिहिलेलं नाही. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक वावगा शब्द नाही. मी ती ओळ पेन्सिलने अधोरेखित केली आणि त्या रात्री पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

ईयोबाचं पुस्तक वाचायला चार महिने लागले. त्यात देवभक्त ईयोबाची गुरंढोरं आणि दहा पोरं सुरुवातीलाच जातात. शेवटचा अध्याय आला, मेंढरं सात हजारांची चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार झाले, आणि सात मुलगे तीन मुली परत झाल्या. सगळे आमेन म्हणणार तेवढ्यात आई बोलली. त्या आधीच्या दहा पोरांचं काय?

कुणी बोलेना. मग साहेब म्हणाले, मावशी, काही लोक असं समजावतात की गुरंढोरं दुप्पट झाली पण मुलं दुप्पट नाही झाली, कारण आधीची दहा देवाजवळ जिवंतच होती, मेलेली मोजायचीच नव्हती. ऐकायला छान वाटतं, मीपण कबरस्तानात सांगितलंय. पण शास्त्रात तसं लिहिलेलं नाही. मलापण ती दहा पोरं खटकतात. आई म्हणाली, मग खटकू द्या. आणि प्रार्थनेला तिनेच सुरुवात केली, नेहमीसारखी, हे आमच्या स्वर्गातील पित्या.

ह्या सगळ्यात सेंटरमध्ये दादाच्या शेजारच्या बेडवर पारनेर तालुक्यातले एक बाबा असायचे, वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. वारी बंद झाली होती त्यांची, त्याचं त्यांना सगळ्यात जास्त दुःख, किडनीचं नाही. चार तास हरिपाठ पुटपुटत पडायचे. पूर्वीची मी असते तर पर्समधून एक पत्रक काढून त्यांच्या उशाशी ठेवलं असतं. एकदा दादाचं बीपी मशीनवर एकदम खाली गेलं, घामाने भिजला, मी डोळे मिटून प्रार्थना करत होते, डोळे उघडले तर बाबा सुया नसलेला हात लांब करून दादाची चादर घट्ट धरून होते. नंतर म्हणाले, पोरी, तुमच्या देवाला माझंपण सांग, मी सांगतो विठोबाला ह्याचं. मी त्यांच्यासाठी येशूच्या नावाने प्रार्थना केली, तिथेच, त्यांना ऐकू जाईल अशी. माझा विश्वास ख्रिस्तावर आहे, तो मी लपवला नाही आणि पातळही केला नाही. पण त्या चादर धरलेल्या हातापुढे मला काही सिद्ध करायचं नव्हतं. नारायण वामन टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले. आम्ही नगरची माणसं टिळकांची भजनं गात मोठी झालो, तरी पुलापलीकडचा माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होते.

आणखी एक काम बाकी होतं. आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका बाईचा नऊ वर्षांचा मुलगा २०१७ला डेंग्यूने गेला. दफनाच्या वेळी मी तिला जवळ घेऊन म्हणाले होते, देवाला चांगली फुलं आवडतात, तो ती आधी तोडतो. मला ते सांत्वन वाटलं होतं. २०२३च्या उपवासकाळात, लेंटमध्ये, मी तिच्या घरी गेले. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं, शेवटी मी सांगितलं की तेव्हा मी असं असं बोलले होते, ते बोलायला नको होतं, मला क्षमा कर. ती म्हणाली, मला आठवत नाही तू काय बोललीस, त्या दिवशी सगळेच तसं काहीतरी बोलत होते. मग थोडं थांबून म्हणाली, त्यानंतर कुणी त्याचं नावच घेत नाही, तू आत्ता आली आहेस तर त्याचं नाव घे ना एकदा. मी नाव घेतलं. तिने परत घ्यायला लावलं. मग तिने त्याची चित्रकलेची वही काढली आणि आम्ही दोघींनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली, बरीचशी ट्रॅक्टरची चित्रं होती.

दादा फेब्रुवारी २०२४ला गेला. शनिवारनंतर थेट मंगळवार, मधला मोठा गॅप, त्या गॅपच्या शेवटीच हृदय बंद पडण्याचा धोका जास्त असतो असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मंगळवारची पहाट होती. आई नेहमीसारखी उठून त्याच्याजवळ बसली, बोटं ठेवली, काढली, परत ठेवली, थोडी वर सरकवून ठेवली. मग दुसऱ्या हाताने मला खुणावून बोलावलं. मी येऊन बसले तोवर तिने डोळे मिटले होते. ती त्या पहाटेही प्रार्थना करत होती, तशीच, तिथेच बसून, तीन बोटं त्याच्या हातावर ठेवून. काय मागत होती मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. पूर्ण आहे. दादाला मी परत बघणार आहे, धडधाकट, पोटभर पाणी पिताना. हे मी कबरेपाशी म्हटलं आणि रोज म्हणते. पण वेटिंग लिस्टवरून फोन का आला नाही, माझ्याच लघवीत प्रोटीन का निघालं, त्या नोव्हेंबरच्या पाच दिवसांनी त्याच्या हृदयाचं किती नुकसान केलं, हे मला माहीत नाही, आणि मी आता त्यावर काहीही चिकटवणार नाही. शेवटच्या प्रश्नाचं ओझं तर माझंच आहे. त्याची क्षमा मी मागितली आहे, मिळाली आहे असं मानते, तरी काही रात्री परत मागते.

३१ डिसेंबरला आमच्याकडे वॉच नाईट असते, लोक उभं राहून वर्षभराच्या साक्षी देतात, ऑपरेशन नीट झालं, पोरगी पास झाली, गाडी घेतली. त्या खऱ्या असतात आणि मला त्या ऐकायला आवडतात. दादा गेला त्या वर्षी साहेबांनी मला विचारलं, ताई, तुम्ही द्याल का साक्ष? मी म्हटलं माझ्याकडे शेवट नाही साहेब. ते म्हणाले, जिथपर्यंत आहे तिथपर्यंतची द्या. मी उभी राहिले. मी सांगितलं की माझ्या भावाला मी प्रार्थनेला नेलं आणि डायलिसिस चुकवायला लावलं, त्यात तो मरता मरता वाचला आणि सव्वा वर्षाने गेला. देव आमच्या घरात होता, तो गेला नाही, आणि त्याने कारण सांगितलं नाही. इथे कुणी गोळ्या किंवा डायलिसिस सोडायचा विचार करत असेल तर माझ्याकडे बघा आणि सोडू नका, औषध घेऊन प्रार्थना करा. एवढंच बोलून बसले. नेहमी साक्षीनंतर हालेलुया होतं, त्या रात्री थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मागच्या बाकावरून त्या चित्रकलेच्या वहीवाल्या बाईने एकटीने गाणं सुरू केलं आणि हळूहळू बाकीचे त्यात आले. बाहेर पडताना एक काका भेटले, इन्शुलिन तीन आठवड्यांपासून बंद केलंय म्हणाले, उद्या सुरू करतो.

आता मी मंगळवारी सेंटरला जाते. वचनाची पत्रकं नेत नाही, बायबल पर्समध्ये असतं, कुणी मागितलं तर वाचते. जास्त करून कुणाचं बिल काउंटरला भर, कुणाच्या बायकोला खाली चहा पिऊन ये म्हणून पाठव आणि तोवर तिच्या जागी बस, असंच. वारकरी बाबा आता नाहीत. त्यांच्या बेडवर एक बावीस वर्षांचा मुलगा असतो, श्रीगोंद्याकडचा, नुकताच फिस्टुला झालाय, अजून मानेच्या कॅथेटरवर आहे. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, ताई तुम्ही चर्चवाल्या ना, प्रार्थना केली तर किडनी परत चालू होते का? मी म्हटलं, मला माहीत नाही रे, माझ्या भावाची नाही झाली. पण मी तुझ्यासाठी करेन, आणि तू डायलिसिस एकही चुकवायचा नाहीस. तो बराच वेळ वर पंख्याकडे बघत होता. मग हात पुढे केला, म्हणाला, हा चालू आहे का बघा ना, मला नीट कळत नाही. मी मनगटाच्या वर तीन बोटं ठेवली.

लागत होती घरघर. म्हटलं, चालू आहे.